२२ महिन्यांचा मुलगा नीट बोलत नाहीये, थांबू की स्पीच थेरपिस्टकडे जाऊ? (पुणे)

वाकडची_आई
नमस्कार. माझा मुलगा २२ महिन्यांचा आहे आणि अजून धड बोलत नाही. आई, बाबा, मम्मम, भू भू, भुर्र, कावळ्याला "का", बस एवढंच, "दे" कधी म्हणतो कधी नाही. समजतं मात्र सगळं, बूट आण म्हटलं की आणतो, हवं ते बोट दाखवून मागतो आणि नाही दिलं की लोळण. परवा सोसायटीतली त्याच्याच वयाची मुलगी "काका ऑफिसला गेले" म्हणाली आणि माझ्या पोटात गोळाच आला.

घरात मी मराठी बोलते, नवरा आणि सासूबाई कन्नड (धारवाडचे आहेत), पाळणाघरात हिंदी. एका प्लेग्रुपमध्ये चौकशीला गेलो तर तिथल्या मॅडम म्हणाल्या तीन भाषांमुळे गोंधळलाय तो, घरी फक्त इंग्लिश बोला. सासूबाई म्हणतात मुलगे उशिराच बोलतात, ह्याच्या बाबांनी तिसऱ्या वर्षापर्यंत तोंड उघडलं नव्हतं. माझी आई वेखंड उगाळून जिभेला लाव म्हणून मागे लागलीये. जेवताना मोबाइल लागतो, त्यावरून शिव्या घालायच्या तर घाला, पण दोन वर्षांच्या आधी थेरपी करतात का आणि पुण्यात सुरुवात कुठून करायची ते सांगा प्लीज.

कोथरूडचा_पक्या
उगाच टेन्शन घेताय ताई. माझा भाचा अडीच वर्षांचा होईपर्यंत नुसता "हं" करायचा, आता सातवीत आहे, वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं आणतो. समजतंय ना त्याला सगळं, मग झालं. थांबा थोडं.

बडबडगीत
पक्या, भाच्याचं अभिनंदन, पण "थांबा" ऐकून साडेतीन-चार वर्षांची होऊन आलेली मुलं मी रोज बघते. स्पीच थेरपिस्ट आहे. इथे वाचून निदान करणार नाही, पण काही गोष्टी सांगते.

आधी शब्द नीट मोजा. भू भू, भुर्र, का हे सगळे शब्दच धरायचे, एकाच गोष्टीसाठी तो आवाज दरवेळी काढत असेल तर. आणि तिन्ही भाषांतले मिळून मोजायचे. सासूबाईंना विचारा तो कन्नडमधलं "बा" (ये) किंवा "बेडा" (नको) म्हणतो का, कारण तुम्ही बहुतेक मराठीच मोजलेत. साधारण दोन वर्षांच्या आसपास पन्नासेक शब्द आणि "बाबा गेला", "अजून दे" असं दोन शब्द जोडणं अपेक्षित असतं. अमेरिकेच्या सीडीसी ह्या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये मुलांच्या वाढीच्या टप्प्यांची यादी बदलली आणि पन्नास शब्द अडीच वर्षांवर नेले, त्याचे स्क्रीनशॉट फिरवून लोक म्हणतात बघा वेळ आहे अजून, पण त्याच यादीत दोन शब्द जोडणं दोन वर्षांवरच आहे हे कोणी फिरवत नाही.

बोट दाखवतो, सांगितलेलं कळतं, ह्या खरंच चांगल्या खुणा आहेत. उशिरा बोलणारी बरीच मुलं आपोआप गाठतात हेही खरं. घोळ एवढाच की कोण गाठणार आणि कोण मागे राहणार हे आधी खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तपासून ठेवायचं. आणि बाबाही उशिरा बोलले हे ऐकून निवांत होऊ नका, घरात कोणी उशिरा बोललेलं असेल तर उलट मुलाकडे जास्त लक्ष ठेवायचं असतं (सासूबाईंना माझं नाव सांगू नका). दोन वर्षं पूर्ण व्हायची वाट बघायची काही गरज नाही, ह्या वयात थेरपी म्हणजे मुख्यतः आईबाबांना शिकवणं. येत असलेले शब्द गेले, हाक मारल्यावर बघत नाही, बोट दाखवत नाही असं काही असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. १६ ते ३० महिन्यांसाठी एम-चॅट नावाची, ऑटिझमची शक्यता चाचपणारी प्रश्नावली असते, ती बालरोगतज्ज्ञांकडून भरून घ्या.

भाषा बंद करू नका. दोन-तीन भाषांनी बोलणं रखडत नाही. इंग्लिश तर अजिबात नको, जी भाषा तुमच्या तोंडात नाही त्यात तुम्ही त्याच्याशी काय गप्पा मारणार? वेखंडाने काही होत नाही, जिभेला काही लावू नका.

पण सगळ्यात आधी कान. नुसतं "ऐकू येतं त्याला" नाही, टेस्ट.

सिंहगड_रोडकर
कानावर +१. माझ्या मुलीची जन्मल्यावरची टेस्ट पास होती त्यामुळे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. एका डॉक्टरांनी तर मागून टाळी वाजवली, ती वळली, म्हणाले कान उत्तम. पण टाळी मोठी असते हो, आणि हात हललेलाही दिसतो पोरांना. तिला कायम सर्दी, रात्री घोरायची, तोंड उघडं ठेवून झोपायची, आम्हाला वाटायचं पुण्याची हवा. शेवटी एका ऑडिओलॉजिस्टनी (ऐकू येणं तपासणारे) इम्पिडन्स टेस्ट, म्हणजे कानाच्या पडद्याची तपासणी केली तर दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी. म्हणजे स्विमिंग टँकमध्ये डोकं बुडवून कोणाचं बोलणं ऐकावं तसं ती ऐकत होती, आवाज कळतो पण "स" "फ" सारखी बारीक अक्षरं गायब. आणि हे पाणी कमीजास्त होतं, म्हणून कधी हाकेला बघायची कधी नाही, आम्ही म्हणायचो नाटकी आहे. उपचार झाले, मग थेरपी, बोलणं हळूहळूच आलं, एका रात्रीत काही होत नाही.

वाकडला आहात तर औंधचं जिल्हा रुग्णालय जवळ आहे, तिथे लहान मुलांच्या वाढीचं तपासणी केंद्र आहे, डीईआयसी म्हणतात, सरकारी बाल स्वास्थ्य योजनेतलं, पैसे लागत नाहीत, रांग लागते. धनकवडीला भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजी आणि स्पीचचं कॉलेज आहे, तिथे विद्यार्थी करतात पण वर शिकवणारे बसलेले असतात. प्रायव्हेटमध्ये जाल तर डिग्री विचारा, बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी हवी आणि आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेचा रजिस्ट्रेशन नंबर. हल्ली गल्लोगल्ली "चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर"चे बोर्ड आहेत आणि आत कोर्स केलेल्या कोणीतरी मॅडम.

बालवाडीच्या_बाई
अगं बाळा, मी तीस वर्षं बालवाडी चालवली सदाशिव पेठेत, माझं थोडं ऐक. "म्हण ना, पाणी म्हण, काकूंना म्हणून दाखव" हे आधी बंद कर. मूल हट्टाला पेटतं आणि ओठ मिटून घेतं. त्यापेक्षा तू बोल आणि मग गप्प बस. गप्प बसणंच जमत नाही आपल्याला, मूल तोंड उघडायच्या आत आपणच उत्तर देतो. मनात दहा मोजायचे.

गाणं म्हणताना अडायचं, "ये रे ये रे पावसा तुला देतो..." आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं, "पै" नाही आला तरी काहीतरी येतं. खायला देताना केळं हवं का चिकू असं दोन्ही हातात धरून विचारायचं, नुसतं "हवं का" विचारलं तर तो मान हलवून मोकळा. तो भू भू म्हणाला की तू "भू भू पळाला" म्हण, एकच शब्द वाढवायचा, लांब वाक्य नको. मंडईत ने, पेशवे पार्कात फुलराणीत बसव, घरी येऊन त्याच्याच गोष्टी त्याला सांग. आणि मोबाइल काढून घेतलास की चार दिवस जेवणार नाही नीट, रडेल, सासूबाईंना आधी सांगून ठेव म्हणजे त्या मध्ये पडणार नाहीत. गॅलरीत काऊ-चिऊ दाखवत भरव.

बडबडगीत
बाईंनी माझं निम्मं सेशन फुकटात दिलं :) मोबाइलबद्दल, आयएपी म्हणजे आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं तेच आहे, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, आजीआजोबांचा अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल.

वाकडची_आई
खूप खूप थँक्यू सगळ्यांना. सासूबाईंना विचारलं तर त्या हसायलाच लागल्या, "बा" म्हणतो, "बेडा" तर दिवसभर म्हणतो, "हालु" पण म्हणतो दुधाला, मला वाटायचं तो नुसता काहीतरी बडबडतोय. तरी सगळे मिळून पंधराच्या आतच आहेत त्यामुळे तपासायला नेतेच आहे. औंधला चौकशी केली. त्यांनी कानाच्या तपासण्या, आधी ओएई आणि गरज पडली तर बेरा सांगितलीये, बेराला झोपवावं लागतं म्हणे, हा तर दुपारी झोपतच नाही बाहेर. झोपेचं औषध द्यावं लागेल का ह्याचीच भीती वाटतेय.

सिंहगड_रोडकर
ओएईला झोप लागत नाही, शांत बसला तरी चालतं, कानात छोटं बुच घालतात आणि काही मिनिटांत होतं. बेराला कपाळावर आणि कानामागे वायरी चिकटवतात आणि हललं की नोंद बिघडते म्हणून गाढ झोप हवी. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, खायला कधी द्यायचं ते तिथे आधी विचारून घ्या आणि गाडीत अजिबात झोपू देऊ नका, वाकड ते औंध तेवढ्यात पोरं हमखास डुलकी काढतात आणि तिथे पोचल्यावर टक्क जागी. मागच्या सीटवर कोणीतरी गाणी म्हणत बसा. नाहीच झोपला तर औषध देतात, डॉक्टरच वजन बघून ठरवतात, घरून काही पाजून नेऊ नका. अंगावरची चादर आणि नेहमीची खेळणी बरोबर घ्या.