गरोदरपणातल्या डबल मार्कर रक्ततपासणीत १:२१० आलाय, अ‍ॅम्नियो (पोटातून सुई घालून गर्भजल तपासणं) करायची का? अर्जंट

वैतागलेला_बाबा: बायकोचा डबल मार्कर रिपोर्ट आला, बाळाच्या डाउन सिंड्रोमसाठी १:२१० आणि पुढे लाल अक्षरात हाय रिस्क. पॅप-ए (रक्तातलं एक प्रोटीन) ०.३८. डॉक्टर गावाला गेल्यात, रिसेप्शनवाली म्हणते अ‍ॅम्नियोची तयारी ठेवा. करायची का नाही तेवढं सांगा, उद्या ठरवायचंय.

निशिगंधा७: वय किती? कितवा आठवडा? एनटी (सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागची जाडी) किती आली? नुसत्या आकड्यावर काय सांगणार.

वैतागलेला_बाबा: ३६. १२ आठवडे ४ दिवस. एनटी १.४, सोनोग्राफीवाले नॉर्मल म्हणाले.

सात्त्विक_आहार: प्रोटीन कमी आलंय म्हणजे खाण्यात कमी आहे. मुगाची उसळ, राजगिरा सुरू करा, माझ्या सुनेला फरक पडला.

निशिगंधा७: काका, पॅप-ए वारेतून रक्तात येतं, उसळीतून नाही. उसळ खाऊ दे बिचारीला, पण त्याने रिपोर्ट नाही बदलत.

लॅबमधला_एक: १:२१० म्हणजे अशा २१० जणींत एकीच्या बाळाला असू शकतं. हे निदान नाही, चाळणी आहे. आपल्याकडे बऱ्याच लॅब १:२५० ला रेघ मारतात म्हणून लाल. रिपोर्टच्या वरच्या भागात वजन, आयव्हीएफ, जुळं, शुगर, सिगरेट असे रकाने असतात, तिथे काय लिहिलंय?

वैतागलेला_बाबा: वजन ५२ लिहिलंय, ते लग्नातलं असेल, आता ७८ आहे. आयव्हीएफसमोर नाही. आयव्हीएफच आहे खरं तर, फ्रोजन एम्ब्रियो (गोठवलेला गर्भ), ते सगळं क्लिनिकच्या फाईलमध्ये आहे की.

लॅबमधला_एक: लॅबला तुमची फाईल दिसत नाही हो! वजन जास्त असलं की रक्तही जास्त, त्यात हे प्रोटीन पातळ होतं, म्हणून एमओएम (त्या आठवड्याच्या मध्यकाच्या किती पट, तो आकडा) वजनानुसार दुरुस्त करतात. ५२ धरून काढलेलं ०.३८ खोटं कमी दिसत असणार. याच तपासणीतल्या बीटा एचसीजी हार्मोनचंही तेच, त्यामुळे रिस्क कुठे सरकेल ते आत्ता सांगता येणार नाही. आयव्हीएफमध्ये पॅप-ए तसंही जरा कमी येऊ शकतं. आणि वय एम्ब्रियो गोठवला तेव्हाचं धरतात, दात्याची अंडी असतील तर दात्याचं. परत रक्त द्यायची गरज नाही, बरोबर माहिती देऊन रिस्क पुन्हा काढून मागा.

मुंबईकर_आई: कशाला एवढा उपद्व्याप, सरळ एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए तपासणं) करा, सुई नाही काही नाही. मी दोन्ही वेळा केली.

निशिगंधा७: पैसे वर आलेत का? आणि एनआयपीटी पॉझिटिव्ह आली तरी खात्रीला अ‍ॅम्नियो लागतेच. ती १५ आठवड्यांनंतर करतात, मग उद्याची घाई कसली?

मुंबईकर_आई: निगेटिव्ह आली की झोप लागते ना बाई, तेच पाहिजे असतं.

राजे_२२: एनआयपीटीत मुलगा-मुलगी कळतं म्हणे, खरं का?

निशिगंधा७: गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा आहे, इथे नको.

लॅबमधला_एक: अजून एक, दुरुस्तीनंतरही पॅप-ए कमीच राहिलं तर बीपी आणि बाळाच्या वाढीसाठी डॉक्टरांना विचारा. काहींना १६ आठवड्यांच्या आत रात्रीची अ‍ॅस्पिरिन देतात. मनाने घेऊ नका. सुरुवातीला दोन एम्ब्रियो दिसले होते का? एक विरघळलं असेल तरी आकडे हलतात.

वैतागलेला_बाबा: दोन टाकले होते. सहाव्या आठवड्यात दोन पिशव्या दिसल्या, नंतर एकच. हे पण लिहायचं असतं का फॉर्मवर?

निशिगंधा७: 🤦 फोन बायकोकडे द्या.