जखमीला ‘सोडवणारी’ गोळी

कामठीचा निवृत्त

रणांगणावर वाचण्याची आशा नसलेल्या जखमीला, मग तो आपला असो वा शत्रूचा, एका गोळीत सोडवणे हाच खरा सैनिकधर्म आहे आणि त्याला खून म्हणणारा कायदा जिनिव्हात गाद्यागिरद्यांवर बसलेल्यांनी केला आहे, असे बर्डीवाला यांनी परवा लिहिले. त्याखाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग लागलेली पाहिली आणि दोन दिवस गप्प राहण्याचा प्रयत्न करूनही लिहिणे भाग पडले. मी आर्मी मेडिकल कोरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो आणि 1999 च्या उन्हाळ्यात, कारगिल युद्धात, द्रासच्या बाजूला होतो.

माझा आक्षेप दयेला नाही, ‘आशा नसलेला’ या शब्दांना आहे. ही आशा मोजणार कोण? तीन रात्री न झोपलेला, कानठळ्या बसलेला, टॉर्चही लावता येत नाही अशा अंधारात हाताने चाचपून जखम ओळखणारा माणूस? पोटात स्प्लिंटर घुसलेला एक जवान माझे मनगट धरून ‘गोळी घाला’ एवढेच म्हणत होता आणि मला विचाराल तर तो सकाळ पाहणार नाही याबद्दल माझी खात्री होती. आज त्याच्या नातवाच्या बारशाचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत. माझे सोडा, मेजर डी. पी. सिंग यांना त्याच युद्धात, जुलैमध्ये, जखमी होऊन रुग्णालयात पोचल्यावर एका डॉक्टरने मृत घोषित केले होते. दुसऱ्या डॉक्टरने पुन्हा तपासले म्हणून ते जगले आणि कृत्रिम पायावर मॅरेथॉन धावले. जिथे डॉक्टर चुकतो तिथे बंदूकवाला चुकणार नाही, हे कोणत्या आधारावर मानायचे?

आणि गाद्यागिरद्यांबद्दल एवढेच सांगतो की ज्याच्यामुळे हा कायदा उभा राहिला तो हेन्री ड्युनांट 1859 साली इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर कास्तिल्योने गावातल्या चर्चमध्ये जखमींना पाणी पाजत फिरत होता.

बर्डीवाला

साहेब, आपल्या सेवेला नमस्कार, पण आपण सोपे उदाहरण निवडले. आपल्या जवानाला खाली नेण्यासाठी स्ट्रेचर होते, माणसे होती, मागे रुग्णालय होते. मे 1944 मधल्या ब्रह्मदेशातल्या ‘ब्लॅकपूल’ ठाण्याविषयी बोला. चिंडिटांच्या, म्हणजे जपान्यांच्या पिछाडीला घुसून लढणाऱ्या ब्रिटिश-भारतीय फौजेच्या, 111 व्या ब्रिगेडला जपान्यांच्या माऱ्यात ते ठाणे सोडावे लागले, तेव्हा हलवणे अशक्य असलेल्या 19 जखमींना त्यांच्याच माणसांनी, ब्रिगेडच्या कमांडरच्या संमतीने, गोळ्या घातल्या. मागे ठेवले असते तर जपान्यांनी त्यांचे काय केले असते हे त्या ब्रिगेडमधल्या प्रत्येकाला माहीत होते. त्यासाठी कोणावर खटला झाला नाही. आपण तिथे असता तर ‘आशा मोजणार कोण’ हा प्रश्न विचारत थांबला असता काय, याचे सरळ उत्तर द्या.

सिव्हिल लाइन्सचा वकील

दोघेही कायद्याला बगल देत आहात, म्हणून आधी तो मांडतो. रणांगणावरच्या जखमींविषयीच्या 1949 च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या 12 व्या कलमात जखमींच्या जिवावर उठण्यास सक्त मनाई आहे आणि तिथे हेतूचा अपवाद ठेवलेला नाही; दयेने मारले काय आणि द्वेषाने मारले काय, ‘हेतुपुरस्सर हत्या’ हीच त्याची संज्ञा. आपल्याकडे 1960 चा जिनिव्हा करार कायदा त्यासाठी मृत्युदंड किंवा जन्मठेप सांगतो; मात्र त्याखालची तक्रार सरकारनेच करावी लागते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. मरणाऱ्याने स्वतः विनवणी केली असेल तर न्याय संहितेच्या कलम 101 मधला संमतीचा अपवाद लागू होऊ शकतो, पण त्यानेही गुन्हा पुसला जात नाही, खुनाचा सदोष मनुष्यवध होतो इतकेच.

आता व्यवहार पाहा. कॅनडाचा कॅप्टन रॉबर्ट सेमराऊ याने ऑक्टोबर 2008 मध्ये अफगाणिस्तानातल्या हेलमंड प्रांतात एका जबर जखमी तालिबान्याला गोळ्या घातल्याचा आरोप होता. 2010 साली कोर्ट मार्शलने त्याला खुनातून सोडले, अशोभनीय वर्तनाबद्दल दोषी धरले, पदावनत करून बडतर्फ केले, पण तुरुंगात एक दिवसही पाठवले नाही. म्हणजे न्यायालये कागदावर ‘नाही’ म्हणतात आणि शिक्षा देताना डोळे किंचित मिटतात. मला ही व्यवस्था ढोंगी वाटत नाही. दार कुलूपबंद ठेवून एखाद्याने ते फोडलेच तर त्याची परिस्थिती पाहणे, हे दार उघडे टाकण्यापेक्षा शहाणपणाचे आहे.

आशा, हिंगणा रोड

तुमच्या गोळ्यांच्या चर्चेत एक शब्द अजून कोणी उच्चारला नाही, तो म्हणजे मॉर्फिन, अफूपासून बनणारे वेदनाशामक. माझ्या वडिलांना हाडात पसरलेला कर्करोग होता. शेवटचे पाच आठवडे ते घरी होते आणि या नागपुरात, जिथे धंतोलीत दर चौथ्या इमारतीवर रुग्णालयाची पाटी आहे, मला मॉर्फिनच्या गोळ्या मिळवण्यासाठी अकरा दिवस हिंडावे लागले. एका मोठ्या रुग्णालयाने तर ‘त्यांना सवय लागेल’ असे सांगितले. महिनाभर आयुष्य उरलेल्या माणसाला सवय! दहाव्या रात्री वडील मला ‘उशी ठेव तोंडावर’ म्हणाले. अकराव्या दिवशी गोळ्या मिळाल्या आणि तेराव्या दिवशी त्यांनी तर्री पोहे मागितले. मरण मागणारा माणूस बहुतेक वेळा मरण मागत नसतो, एवढे मी या विषयावर जाणते.

इतवारीतला औषधवाला

ताई, आपल्या दुःखाचा मान राखून सांगतो की दोष दुकानदारावर ढकलू नका. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यापासून या औषधाची एक पट्टी ठेवणे म्हणजे घरात साप पाळण्यासारखे झाले. परवाना वेगळा, नोंदवही वेगळी, आणि हिशेबात एक गोळी कमी भरली तर दारात पोलीस. त्यापेक्षा न ठेवलेले बरे, असे सगळ्यांनीच ठरवले.

आशा, हिंगणा रोड

2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्यातले बरेच परवाने गेले, आता मान्यताप्राप्त संस्थांना हे औषध देता येते. त्याला दहा वर्षे उलटली तरी आपण तीच नोंदवही दाखवत आहात. नीमचला सरकारचा अफूचा कारखाना आहे, तो काही नागपूरहून सातासमुद्रापार नाही, आणि इथला रुग्ण मात्र भिंतीवर डोके आपटतो. आपल्या घरात कोणी अकरा दिवस ओरडले असते तर आपल्याला साप आठवला नसता.

इतवारीतला औषधवाला

हे वैयक्तिक झाले. माझ्या आईचे काय झाले ते आपल्याला माहीत नाही आणि मी ते इथे सांगणार नाही.

सिव्हिल लाइन्सचा वकील

मूळ विषय युद्धाचा होता, याची कोणी नोंद घेईल काय?

आशा, हिंगणा रोड

मी विषयावरच आहे. निवृत्त साहेबांनी त्या जवानाला ‘नाही’ म्हटले, ते कौतुकास्पदच आहे; पण ते ‘नाही’ त्यांना शक्य झाले, कारण त्यांच्या पिशवीत इंजेक्शन होते. रिकाम्या हाताने ‘नाही’ म्हणणारा माणूस आणि त्यांच्यात फरक आहे, आणि तो फरक नीतीचा नाही, पुरवठ्याचा आहे. जखमीला मारू नका असे सांगणारे तेच 12 वे कलम त्याला उपचारांविना टाकून देऊ नका असेही सांगते, पण ते अर्धे कोणी उद्धृत करत नाही.

बर्डीवाला

चला, ताईंनी माझेच म्हणणे अधिक चांगल्या मराठीत मांडले, याबद्दल आभार. ब्लॅकपूलमध्ये पुरवठा नव्हता, म्हणून गोळी. ‘आपला असो वा शत्रूचा’ हे मात्र मी घाईने लिहिले, ते मागे घेतो. जखमी शत्रू काय बोलतो आहे, पाणी मागतो आहे की मरण, हेच जिथे आपल्याला कळत नाही तिथे त्याच्या वतीने दया करायला जाणे धोक्याचे आहे, हे वकीलसाहेबांचे तालिबानी उदाहरण वाचून पटले. एवढ्यावर आपण सर्वांनी विजय साजरा करण्यास माझी हरकत नाही. माझ्या प्रश्नाला मात्र निवृत्त साहेबांनी अजून उत्तर दिलेले नाही.

कामठीचा निवृत्त

उत्तर देतो, आणि यानंतर या विषयावर लिहिणार नाही.

ब्लॅकपूलला मी असतो तर मी गोळी घातली नसती आणि ज्याने घातली त्याचा हातही धरला नसता. हे उत्तर तर्कात बसत नाही, हे मला समजते. वकीलसाहेबांनी ते कुलपाच्या भाषेत बसवावे. ज्या क्षणी मी ते योग्य म्हणेन त्या क्षणी पुढच्या लढाईतला कोणी तरी थकलेला शिपाई, स्ट्रेचर वाहण्याचा कंटाळा आला म्हणून, माझाच शब्द वापरेल, ही माझी भीती आहे.

आशाताई, आपण पुरवठ्याविषयी लिहिले म्हणून मागे वगळलेली गोष्ट सांगतो. त्या रात्री माझ्यासमोर दोन जखमी होते. शेवटचे मॉर्फिन मी पोटाच्या जखमेवाल्याला दिले, कारण तो जास्त ओरडत होता. दुसऱ्याच्या दोन्ही मांड्या गेल्या होत्या आणि तो ओरडत नव्हता. औषध संपल्यावर त्याने मला तेच मागितले, हळू आवाजात, अगदी अदबीने, ‘सर’ म्हणून. मी ‘नाही’ म्हटले. त्याला जायला पावणेचार तास लागले.

त्याच्या घरच्यांना मी ‘जागीच गेला’ असे पत्र लिहिले होते.