समोर एकच माणूस असतो तेव्हा
एकाने विचारलंय की नोकरीसाठी पॅनेलपेक्षा, म्हणजे तीन-चार जण एकत्र बसून घेतात त्यापेक्षा, एकाच माणसासमोरची मुलाखत सोपी असते का. माझ्या मते सोपी नाही, वेगळी असते. पॅनेलमध्ये एकाला उत्तर पटलं नाही तरी दुसरा सावरून घेऊ शकतो. इथे सगळं एकाच्या मतावर. म्हणून मुलाखत कोण घेणार हे आधीच फोनवर विचारून घ्या. एचआर, म्हणजे कंपनीतली भरती बघणारी व्यक्ती असेल तर पगार, नोटीस पीरियड, आधीची नोकरी का सोडताय, यावर भर असतो. ज्याच्या हाताखाली काम करायचं तो मॅनेजर मात्र खोलात शिरतो. माझ्या अंधेरीच्या मुलाखतीत पाऊण तास एकाच प्रोजेक्टवर गेला. मी "आम्ही केलं" म्हटलं की लगेच प्रश्न यायचा, "त्यात तुम्ही काय केलंत?" तेव्हापासून प्रत्येक कामाचा प्रसंग, माझी जबाबदारी, मी काय केलं आणि निकाल, असं चार वाक्यांत लिहून ठेवते. फार उपयोग होतो, खरंच करून बघा. समोरचा लिहून घेत असेल तर थांबा. शांतता नकोशी वाटली तरी बोलत सुटू नका.

आणि पावसाळ्यात घाटकोपरहून अंधेरीला जायचं असेल तर रस्त्याने नको, मेट्रोच धरा. तरीही उशीर होतोय असं दिसलं तर लगेच कळवा, कारण तो माणूस फक्त तुमच्यासाठी वेळ काढून बसलेला असतो.