ऑफिसच्या ॲपवर नुसते फोटो टाकणं बंद करावं का?

हेल्पडेस्ककर: आमच्या ॲपवर हल्ली कितीतरी पोस्टींत "हे बघा" एवढंच लिहिलेलं असतं आणि खाली स्क्रीनशॉट. माझं स्पष्ट मत आहे की फोटोसोबत मजकूर सक्तीचा करा. स्क्रीनशॉटमधला एरर कोड कॉपी होत नाही, तो बघून बघून टाइप करावा लागतो. त्यात शून्य आणि ओ यांची गल्लत ठरलेली. पुढे तोच प्रॉब्लेम दुसऱ्याला आला की सर्चमध्ये जुनी पोस्ट सापडत नाही, कारण आमचं सर्च फोटोतली अक्षरं वाचत नाही. मग तेच उत्तर पुन्हा लिहीत बसा.

मेंटेनन्सवाला: सक्तीला माझा ठाम विरोध. तुम्ही कीबोर्डसमोर बसलेले असता, आमच्या हातात ग्रीसने माखलेले ग्लोव्हज असतात. "पंपाच्या सीलमधून तेल गळतंय" असं लिहिलं की वरून प्रश्न सुरू: कुठून, किती, रंग कसला? फोटोत शाफ्टभोवतीची ओल दिसते, बोल्टवरचा गंज दिसतो, गेजचा काटा कुठे आहे तेही दिसतं. मजकूर सक्तीचा केलात तर आमची माणसं पोस्टच करणार नाहीत. गळती तशीच पुढच्या शिफ्टच्या गळ्यात.

हेल्पडेस्ककर: गळतीच्या फोटोला माझी ना नाही. पण कुठला पंप? एका रांगेतले सगळे सारखेच दिसतात.

मेंटेनन्सवाला: नेमप्लेटचा दुसरा फोटो काढतो की.

हेल्पडेस्ककर: तोही सर्चमध्ये येत नाही. मुद्दा तिथेच आहे.

कानांनी वाचणारी: मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करते. नुसता फोटो आला की मला "इमेज" एवढंच ऐकू येतं, नाहीतर फाइलचं लांबलचक नाव. त्याखाली सगळे "ओके", "डन" लिहितात. कशाला ओके, ते मला कुणाला तरी फोन करून विचारावं लागतं. स्लॅक आणि टीम्स या ऑफिस चॅटच्या दोन्ही ॲपमध्ये फोटोला वर्णन जोडायची सोय आहे. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांतला अगदी पहिला निकष, १.१.१, हाच आहे: चित्राला मजकुराचा पर्याय द्या. मी सवलत मागत नाहीये. मीटिंगमध्ये काय ठरलं हे इतरांसोबत मलाही कळावं, एवढंच.

कुलूपकिल्ली: मजकूर असो वा नसो, आधी फोटोच्या मागे काय दिसतंय ते बघा. हवाईच्या आपत्कालीन व्यवस्थापन संस्थेत २०१७ मध्ये काढलेल्या एका वृत्तछायाचित्रात मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा पासवर्ड दिसत होता. जानेवारी २०१८ मध्ये तिथून क्षेपणास्त्राचा खोटा इशारा गेला, तेव्हा लोकांनी तो फोटो उकरून काढला. आणि "क्रॉप केलंय" म्हणून निर्धास्त राहू नका. पिक्सेल फोनच्या मार्कअप या फोटो एडिटरमध्ये कापलेला भाग परत मिळवता येतो, हे २०२३ मध्ये उघड झालं. पाठोपाठ विंडोजच्या स्निपिंग टूल या स्क्रीनशॉट काढायच्या प्रोग्राममध्येही तसाच दोष सापडला. दोन्ही दुरुस्त झाले, पण त्याआधी शेअर केलेले फोटो आहेत तसेच आहेत.

दूरची टीम: तुम्ही सगळे मिळून फोटो टाकायची भीतीच घालताय. आमची टीम कधी एका खोलीत बसलेली नाही. नवीन माणूस आला की त्याचा फोटो आणि दोन ओळी टाकतो, त्यामुळे निदान चेहरा तरी ओळखीचा होतो. त्याला कसले नियम?

कानांनी वाचणारी: त्या दोन ओळी आहेत ना, मग माझी काहीच तक्रार नाही.

कुलूपकिल्ली: फक्त त्या माणसाला आधी विचारा. सगळ्यांनाच आपला फोटो ग्रुपवर नको असतो.

हेल्पडेस्ककर: @मेंटेनन्सवाला, मग असं करू. तुम्ही फोटो लगेच टाका, मशीन नंबर आणि एक ओळ शिफ्ट सुपरवायझरने नंतर घालावी.

मेंटेनन्सवाला: सुपरवायझरवर ढकललंत तर तोच म्हणेल, फोटो टाकू नका. ॲपमध्ये पोस्ट करतानाच मशीनची यादी येऊ दे, आम्ही बोटाने नंबर निवडू. एवढं करून द्या, मग सक्ती केलीत तरी चालेल.