पेसमेकर बसवला, डाव्या कुशीवर झोपू का?

प्रश्न: तीन आठवडे झाले. कॉलरबोनखालचा काडेपेटीएवढा उंचवटा रात्री हाताला लागतो आणि झोपच उडते. डावा हात तर अंगाला चिकटवूनच ठेवलाय. मोबाईल कुठे ठेवू?

उत्तर १: हात बांधल्यासारखा ठेवू नका हो! माझा खांदा असाच आखडला. साधारण ४ ते ६ आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही. बाकी हालचाल हवीच. कुशीचं डॉक्टरांना विचारा.

उत्तर २: मोबाईल त्या बाजूच्या खिशात नको. पेसमेकरपासून १५ सेंटीमीटर दूर, बोलताना उजव्या कानाला. इंडक्शन शेगडीपासून स्वतः ६० सेंटीमीटर दूर राहा.

प्रश्नकर्ता: आज डाव्या हाताने बटणं लावली. बायको बघतच राहिली. कुशीचं धाडस मात्र अजून नाही.