उत्तराआधी वहीचं पान मागावं

अनेकांची तक्रार असते की ऑनलाइन गणितं सोडवून दिली की मुलं ती वहीत उतरवून मोकळी होतात. होतं असं, पण उत्तर कसं देतो यावर बरंच अवलंबून आहे. १९९४ साली अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात 'आस्क डॉक्टर मॅथ' ही मुलांच्या गणितातल्या प्रश्नांना इंटरनेटवरून उत्तरं देणारी सेवा सुरू झाली, तेव्हा उत्तरं देणारे तिथलेच विद्यार्थी होते. पुढे बाहेरचे स्वयंसेवकही आले. सगळे 'डॉक्टर अमुक' अशी सही करायचे. किती छान कल्पना!

मीही मुलांना ऑनलाइन गणितं समजावते, पण आधी वहीच्या पानाचा फोटो मागते. परवा सहावीतल्या एका मुलीने विचारलं, ६ ला १/२ ने भागून १२ कसे? भागल्यावर संख्या लहान व्हायला हवी ना? पानावर तिने ३ लिहून खोडलं होतं, खाली पुन्हा ३च. 'उलटा करून गुणा' हे तिला पाठ होतं, पटत नव्हतं. मी एवढंच लिहिलं, "सहा भाकरी आहेत. प्रत्येकाला अर्धी वाढली तर किती जण जेवतील?"

दहा मिनिटांनी निरोप आला, "बारा! आणि ताई, पाव-पाव वाढली तर चोवीस!"

पाव भाकरीचं मी विचारलंच नव्हतं.