मदत हवी आहे : मुलींच्या बास्केटबॉल सरावासाठी मैदान आणि मार्गदर्शन

सप्रेम नमस्कार. आम्ही परळला राहतो आणि माझी 14 वर्षांची भाची बास्केटबॉल खेळते. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या महिला संघाला, पुण्याच्या शिरीन लिमयेसह, खेळताना पाहिल्यापासून तिने हा खेळ मनावर घेतला आहे. 1974 पासून या स्पर्धेतले महिलांचे सुवर्णपदक जपान, दक्षिण कोरिया आणि चीन या तिघांकडेच गेले आहे, हे तिला तोंडपाठ आहे आणि त्याची खंतही आहे.

अडचण अशी की, सध्या ती जिथे सरावाला जाते तिथे मुलींनाही मुलांचा 7 नंबरचा चेंडू देतात. महिलांचे सामने 6 नंबरच्या, म्हणजे थोड्या लहान आणि हलक्या चेंडूने होतात. त्यामुळे सामन्यात तिचा नेम रिंगच्या पुढे जातो. परवा सलग 5 फ्री थ्रो मागच्या फळीवर आपटले, तेव्हा ती अगदी रडवेली झाली.

नागपाडा, माटुंगा किंवा दादर परिसरात संध्याकाळी केवळ मुलींचा, 6 नंबरच्या चेंडूने सराव कुठे होतो? तसेच राज्याच्या वयोगट निवड चाचणीसाठी नोंदणी कशी करावी, हे अनुभवी पालकांनी कृपया सांगावे.